मित्रासोबत रेकॉर्ड लेबल काढतोय: ५०-५० लिहायचं की ६०-४०? (नागपूर)

कूलरबंद | शनिवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

त्रिमूर्ती नगरात घराच्या वरच्या खोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. दिवसा एका कॉलेजात साउंड आणि प्रोजेक्टर बघतो, रात्री लोकांची गाणी रेकॉर्ड करतो. आयडी त्यावरूनच घेतला. नागपुरात मे महिन्यात टेक घ्यायचा म्हणजे कूलर बंद, पंखा बंद, आणि पंचेचाळीस डिग्रीत गाणाऱ्यालाच विचारायचं, 'अजून एकदा घ्यायचं का?'

सोबत शाळेपासूनचा मित्र आहे. त्याचं इतवारीत प्लायवूडचं दुकान आहे. खोलीतलं प्लाय, रॉकवूल, दुहेरी दार सगळं त्याच्याकडचं. रोख आणि माल धरून त्याचे साडेचार लाख गेले असतील. माझी खोली, माइक, कॉम्प्युटर आणि तीन वर्षांच्या रात्री.

यंदा मे महिन्यात त्याच्या मावशी आणि त्यांच्या शेजारणी, अशा सात जणींकडून भुलाबाईची गाणी, म्हणजे आपल्याकडची बायकांची पारंपरिक लोकगीतं, करून घेतली. टिपऱ्या, टाळ्या आणि आवाज, बाकी काही नाही. राखीच्या सुमारास पाच गाणी ऑनलाइन टाकली. त्यातल्या एकाचं रील चाललं, म्हणजे आमच्या मानाने फारच चाललं. आता मुंबईच्या एका कंपनीचा मेल आलाय: पाचही गाण्यांचे सगळे हक्क, ७५ हजार एकरकमी.

मेल आल्यापासून आमच्यात कुरबुर सुरू झाली. तो म्हणतो आता रीतसर लेबल काढू, अर्धं-अर्धं. मला वाटतं काम मी करतो, ६०-४० हवं. आजवर कागद एकही केलेला नाही. कसं करावं? अनुभवी लोकांनी सांगावं.

सावजी_रस्सा | रात्री ११:५८

पयला. अन् पयलेच सांगून ठेवतो, भागीदारीत म्हैस घेतली तं तोंडाकडचा भाग तुमचा अन् दुधाकडचा त्याचा. बाकी चालू द्या, तर्री गरम होऊन राह्यली.

जुनाखांब | रविवार, सकाळी ६:२०

कूलरबंद, तुमच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा आहे असं समजून लिहितो.

मी १९९१ ते १९९९ सीताबर्डीत एका मित्रासोबत कॅसेटचा धंदा केला. भीमगीतं, भजनं, थोडे पोवाडे. आमच्या वर्षाच्या विक्रीतली निम्मी एकाच आठवड्यात व्हायची, दसऱ्याच्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सतरंजी टाकायची, टेपरेकॉर्डर मोठ्याने लावायचा आणि गाणं आवडलं की लोक थांबायचे. पुस्तकवाल्यांच्या शेजारी जागा मिळाली की आम्ही खूश. पुस्तक घेणारा माणूस कॅसेटही घेतोच, हा आमचा अभ्यास. शाहीर रात्री आमच्याच सतरंजीवर झोपायचे. कागद आमच्यातही नव्हता. नफा झाला की दोन ढीग करायचो.

मोडलं ते पैशावरून नाही. त्याच्या मेव्हण्याला दुकानात घ्यायचं की नाही यावरून मोडलं. सामान वाटायला बसलो. मास्टर टेपच्या, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच्या, ४२ स्पूल होत्या, २१ त्याला, २१ मला. अगदी समान वाटणी. एका मोठ्या स्पूलवर आमच्या रेकॉर्डिंगच्या वेगाला अर्धा तास बसतो, म्हणजे कॅसेटची एक बाजू. घरी येऊन डबे उघडले तेव्हा कळलं की चार कॅसेटींची 'अ' बाजू माझ्याकडे आणि 'ब' बाजू त्याच्याकडे.

पुढे एकाने डिजिटल करून देतो म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं आधी मित्राची सही आणा. मित्र म्हणाला आधी माझी आणा. वीस वर्षं टेपा माळ्यावर होत्या, आपल्या उन्हाळ्यात माळा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मित्र दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मुलाला स्पूल म्हणजे काय तेच ठाऊक नाही, त्याने भंगारात दिल्या की कुठे, मी विचारलं नाही.

भागीचं घोडं किवणानं मेलं, म्हणतात ते हे. टक्के नंतर ठरवा. मास्टर कोणाचे ते आधी लिहा.

पुणेरी_पाटी | सकाळी ८:०५

जुनाखांब, प्रतिसाद वाखूत (वाचनखुणांत) टाकला. 'अ' बाजू कुठे ऐकायला मिळेल का?

जुनाखांब | सकाळी ८:३१

टेप चिकटली आहे. लावली की ऑक्साइड सुटून हेडवर येतो. जेवढं निघेल तेवढं एकदाच निघेल म्हणून लावत नाही.

सीए_शेजारी | सकाळी १०:१५

धागाकर्ते, कागद नाही म्हणजे भागीदारी नाही असं समजू नका. नफा वाटून घ्यायच्या बोलीवर दोघांनी धंदा केला तर तोंडी करारानेही भागीदारी होते. आणि करार गप्प असेल तिथे १९३२चा भागीदारी कायदा बोलतो. नफा-तोटा दोघांना समान. धंद्यात कितीही राबलात तरी भागीदार म्हणून पगार नाही. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्तीचे पैसे एखाद्याने घातले तर त्यावर सालाना ६% व्याज. म्हणजे आज भांडण झालं तर तुमच्या ६०-४०ला आधार शून्य, आणि तुमच्या रात्रींचे पैसेही शून्य. उलट मित्राच्या साडेचार लाखांतले किती भांडवल आणि किती उधारी, यावर तो व्याज मागू शकेल.

१०० रुपयांच्या स्टॅम्पवर काहीतरी लिहून ठेवू, असं करू नका. आणि फर्मची नोंदणी करा. नोंदणी नसलेल्या फर्मला कराराच्या जोरावर बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. उद्या ती मुंबईची कंपनी पैसे बुडवेल तेव्हा हे कलम आठवेल.

काळाकोट | सकाळी ११:४०

सीएसाहेबांशी सहमत, फक्त १०० चा स्टॅम्प आता राहिलाच नाही. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १००-२०० च्या जागी ५०० आहे. भागीदारीपत्राचं शुल्क भांडवलावर वेगळं.

साधी फर्म की एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), हाही प्रश्न आहे. साध्या फर्ममध्ये एकाने केलेल्या कर्जाला दुसऱ्याचं घरही बांधील असतं. एलएलपीत तसं नाही, पण दरवर्षी दोन विवरणपत्रं भरावी लागतात, धंदा झाला नाही तरी. उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर ऑडिटची सक्ती नाही.

आता मास्टर. कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा मालक 'निर्माता', आणि निर्माता म्हणजे ते मुद्रण करण्यात पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली तो. तुमच्या बाबतीत पुढाकार कोणाचा? मावशी त्याची, खोली तुमची, पैसे त्याचे, बटण तुमचं. मी तुमच्या दोघांपैकी कोणाचीही वकील झाले तरी दीड तास बोलू शकेन. हा मालकी हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणून आजच लिहा.

सावजी_रस्सा | दुपारी १२:०२

वकीलबाई दीड तास बोलतीन तं फी किती तासाची?

काळाकोट | दुपारी १२:१०

दोन तासांची. बसायला वेळ लागतो.

माइकटेस्टिंग१२३ | दुपारी १:२५

कायदा झाला, आता व्यवहाराचं. गाणी ज्या डिस्ट्रिब्युटरमार्फत (म्हणजे ॲप्सवर गाणी पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) टाकली ते खातं कोणाच्या ईमेलवर आहे? पासवर्ड कोणाकडे? पैसे कोणत्या बँक खात्यात येतात? नव्वद टक्के भांडणांचं मूळ इथे असतं. (नव्वद हा माझा अंदाज, चिमटे काढू नका.)

प्रत्येक गाण्याला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री देते, पण डिस्ट्रिब्युटर आपल्या कोट्यातून फुकट लावून देतो. उद्या डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच क्रमांक सोबत न्या, नाहीतर स्ट्रीमचे आकडे परत शून्यापासून सुरू होतात. माझ्या एका गाण्याचे असेच गेले. यादी वहीत लिहून ठेवा. वहीत म्हणजे खरोखर वहीत.

आणि अपेक्षा जरा आटोक्यात ठेवा. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. रील लाखांनी पाहिलं म्हणजे गाणं लाखांनी ऐकलं असं होत नाही. ७५ हजारांवर हसू नका. त्या कंपनीने हिशेब करूनच आकडा टाकलाय, तुम्ही केलाय का?

कूलरबंद | दुपारी ३:४०

सगळ्यांचे आभार. जुनाखांब, तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला.

माइकटेस्टिंग, खातं मित्राच्या जीमेलवर आहे. पैसे त्याच्या दुकानाच्या करंट अकाउंटला येतात, कारण जीएसटी नंबर तिथेच होता.

सीए_शेजारी | दुपारी ३:४४

प्लायवूडच्या खात्यात भुलाबाईची रॉयल्टी! आधी खातं वेगळं करा, मग टक्के बोला.

विनाइलवेडा | सायंकाळी ५:१०

थोडं जगातलं सांगतो, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

अमेरिकेत मेम्फिसला स्टॅक्स नावाचं लेबल होतं. जिम स्ट्युअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन या दोघांचं, आडनावांची पहिली अक्षरं जोडून नाव केलं. बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात स्टुडिओ. गायक ओटिस रेडिंग तिथलाच. वितरण अटलांटिक ही मोठी कंपनी करायची, सुरुवातीची वर्षं नुसत्या हात मिळवण्यावर. १९६५ मध्ये कागद झाला, स्ट्युअर्टने बारकाईने न वाचता सही केली. डिसेंबर १९६७ मध्ये ओटिस विमान अपघातात गेला. त्याच सुमारास अटलांटिक विकली गेली, आणि १९६८ मध्ये वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा कळलं की अटलांटिकने वितरित केलेल्या सगळ्या स्टॅक्स गाण्यांचे मास्टर त्या कागदाने अटलांटिकचे झालेले. थिएटर राहिलं, गाणी गेली.

उलट टोकाचं उदाहरण मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सचं. कंपनीच्या मालकीचं काही नाही, सगळं वादकांचं, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. १९९२ मध्ये कंपनी बुडायला आली, विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं, तेव्हा विकायला काही नव्हतंच. कंपनी गेली, पण गाणी वाजवणाऱ्यांकडे राहिली.

आणि दोघांनी नीट चालवलेलंही आहे. हर्ब अल्पर्ट आणि जेरी मॉस यांनी १९६२ मध्ये गॅरेजमधून ए अँड एम ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि १९८९ मध्ये दोघांनी मिळून विकली. एक ट्रम्पेट वाजवायचा, दुसरा धंदा बघायचा. तुमच्यात ट्रम्पेट कोण ते ठरवा.

सावजी_रस्सा | सायंकाळी ५:१८

इथं दोघंही ट्रम्पेटच वाजवून राह्यले, म्हून तं धागा आहे.

तंबोराबाई | रात्री ९:३०

धागा दोनदा वाचला. ५०-५० झालं, ६०-४० झालं, मेव्हणा झाला, मेम्फिस झालं.

गाणाऱ्या सात जणींना किती?

कूलरबंद | रात्री ९:५५

तंबोराबाई, गैरसमज नको. त्यांनी हौसेने गायलं. आम्ही सगळ्यांना साड्या दिल्या, जेवण केलं, गाडीने घरी सोडलं. गाणी पारंपरिक आहेत, कोणाच्या मालकीची नाहीत. आणि मावशी तर घरच्याच.

तंबोराबाई | रात्री १०:२०

घरच्या आहेत म्हणूनच विचारते आहे.

मी पंचवीस वर्षं गाते. अशा किती तरी साड्या माझ्या कपाटात आहेत. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी आमची फार काळजी घेतली जाते, गरम पाणी, लिंबू, आले. नंतर कव्हर येतं, त्यावर निर्मात्याचं नाव, संगीत संयोजकाचं, रेकॉर्डिस्टचं, आणि आमच्या जागी 'आणि सहकारी'. तुमच्या पाच गाण्यांवर कलाकार म्हणून काय नाव टाकलंय? सात जणींची नावं टाकलीत का? मी शोधून पाहिलं नाही, तुम्हीच सांगा.

आणि हे गाणं इतक्या भुलाबाईच्या गाण्यांतून नेमकं का चाललं? पारंपरिक तर सगळ्यांच्याच घरी आहेत.

पॉपकॉर्नवाली | रात्री १०:२२

जागा धरून बसले आहे.

कूलरबंद | रात्री ११:४७

नावं नाहीत. 'भुलाबाई महिला मंडळ' असं टाकलं होतं. चूक झाली.

का चाललं ते सांगतो, आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. चौथा टेक चालू होता. खोलीत उकाडा एवढा की एका काकूंना घेरी आल्यासारखं झालं. मावशींनी वैतागून ऐनवेळी स्वतःचं कडवं जोडलं:

सासू बसली कूलरपाशी, सून उभी चुलीपाशी
कूलरमधलं पाणी संपलं, सासू आली सुनेपाशी

बाकीच्या सहा जणी हसत हसत ओढत गेल्या. हसणं टेकमध्ये तसंच ठेवलं. रील झालं ते याच चार सेकंदांचं आहे.

काळाकोट | सोमवार, सकाळी ९:०५

मग सगळं प्रकरणच बदललं.

पारंपरिक गाण्यावर कोणाचा हक्क नाही, बरोबर. पण हे कडवं मावशींचं आहे. त्या त्याच्या लेखिका आहेत, कायद्याच्या अर्थाने. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा त्याने स्वतः सही करून सोडला तरी सुटत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. साडी देऊन तर नाहीच. सात जणींना गायिका म्हणूनही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क त्याच दुरुस्तीने दिलाय.

तेव्हा ७५ हजारांना 'सगळे हक्क' तुम्ही दोघं विकणार ते कोणाचे? त्या मेलमध्ये 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जग' हे शब्द असतीलच. कारण करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ते हे शब्द विसरत नाहीत.

मावशींना आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासद करा, लेखिका म्हणून.

इतवारीचा_प्लाय | सोमवार, दुपारी २:३३

मीच तो पार्टनर. आजच आयडी काढला, ॲडमिनचे आभार.

भाऊ, धागा काढायच्या आधी मले एक फोन केला असता तं बरं झालं असतं. मले दुकानात गिऱ्हाइकानं दाखवला. म्हणते, हे तुमच्यावालंच आहे काय? मी सनमायका कापता कापता पूर्ण वाचलं.

दोन गोष्टी. साडेचार लाख त्यानं लिहिले, मी कधी मोजले नाही. प्लाय दुकानातलं होतं, पडूनच होतं. दुसरं, खातं माह्या जीमेलवर आहे कारण हा म्हणला, 'मले ओटीपीचं टेन्शन नको.' आता पासवर्ड कोणाकडे म्हून इचारून राह्यले सगळे. घ्या बाप्पा पासवर्ड. (इथं नाही टाकत.)

कामाचं म्हणशीन तं सात जणीयले पंधरा दिवस रोज तयार करायचं काम कोणी केलं? एकीचा नातू आजारी, एकीच्या घरी पाव्हणे, एक म्हणते मालक नाही म्हणते. मी सगळ्यायच्या घरी चहा पिऊन पिऊन ॲसिडिटी करून घेतली. ते काम कोणत्या साठमधे धरलं?

अन् तंबोराबाई बरोबर बोलून राह्यल्या. मावशीले मीही इचारलं नाही.

सावजी_रस्सा | दुपारी २:३५

आला बे आला!! खुर्च्या सरकवा.

संशयीआत्मा | दुपारी २:४१

डुआयडी (डुप्लिकेट आयडी) तर नाही ना? 'आजच काढला' म्हणे.

इतवारीचा_प्लाय | दुपारी २:५०

या इतवारीत, अठरा एमएमचा तुकडा डोक्यावर ठेवून दाखवतो खरा आहे का खोटा.

माइकटेस्टिंग१२३ | दुपारी ३:१५

प्लायभाऊ, तुम्ही जे केलंत त्याला लेबलच्या भाषेत नाव आहे, एअँडआर. कलाकार शोधणे, पटवणे, स्टुडिओपर्यंत आणणे. मोठ्या कंपन्यांत त्याला पगार असतो. कूलरबंद, हे काम तुमच्याकडून झालं असतं का?

कूलरबंद | दुपारी ३:५८

नाही. मला दोन अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं तरी घाम येतो. म्हणून तर काचेच्या या बाजूला बसतो.

फोन न करता धागा काढला, ही चूक आहे. प्लाय, संध्याकाळी धरमपेठेतल्या टपरीवर ये.

झाडीपट्टीकर | सायंकाळी ६:२०

समेट होत असेल तर होऊ द्या, मी माझं घोडं पुढे दामटतो.

मी वडसा-देसाईगंजकडचा (जि. गडचिरोली). दिवाळीनंतर आमच्याकडे नाटकांचा हंगाम असतो, रात्रभर नाटक, जागेवर गाणी, ऑर्गन आणि ढोलकी समोर बसलेली. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याला आमची ही झाडीपट्टी रंगभूमी कळली. पण त्या नाटकांतली गाणी कुठे नीट रेकॉर्ड केलेली? मोबाइलवर मंडपातून घेतलेली, मागे जनरेटर. नागपुरात लेबल काढताय तर भुलाबाईनंतर इकडे या. मात्र आमची गायिका रात्रीचे मानधन ठरवूनच स्टेजवर येते, तिला साडीवर बोलावू नका.

पुणेरी_पाटी | सायंकाळी ६:३५

खंजिरी भजनांचंही करा की. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं विदर्भाबाहेर नीट ऐकायला मिळत नाहीत.

काळाकोट | सायंकाळी ७:००

करा, पण परवानगीने. कॉपीराइटची मुदत लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. तुकडोजी महाराज ऑक्टोबर १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना २०२८ संपेपर्यंत संरक्षित आहेत. सुरेश भट २००३ मध्ये गेले, तिथे २०६३ पर्यंत थांबा किंवा विचारा. 'आमच्या विदर्भाचे आहेत' हा कायद्यात परवाना नाही.

पुणेरी_पाटी | सायंकाळी ७:०४

२०६३ला मी इथे नसेन. आयडी असेल.

माइकटेस्टिंग१२३ | सायंकाळी ७:३०

पारंपरिक गाण्यावरून आठवलं. यूट्यूबचं कंटेंट आयडी (आपलं गाणं दुसऱ्याच्या व्हिडिओत आपोआप ओळखणारी सोय) लावताना जपून. तेच गाणं दुसऱ्या गावच्या मंडळाने स्वतः म्हटलं आणि तुमच्या नावाने त्यांच्यावर दावा गेला, तर शिव्या तुम्हाला पडतील. दावा फक्त तुमच्या मुद्रणावर, गाण्यावर नाही.

लेबलच्या नावाचं काय झालं?

सावजी_रस्सा | सायंकाळी ७:४२

तर्री रेकॉर्ड्स. खाली बारीक अक्षरात: तिखट लागल्यास कंपनी जबाबदार नाही.

विनाइलवेडा | सायंकाळी ७:५०

'झिरो माइल' ठेवू नका एवढंच. त्या नावाची दुकानं ढीगभर आहेत, ट्रेडमार्क मिळणार नाही. ट्रेडमार्कचे वर्ग ९ (रेकॉर्डिंग) आणि ४१ (मनोरंजन) दोन्हीत शोधून मगच बोर्ड रंगवा.

जुनाखांब | मंगळवार, सकाळी ६:०५

टपरीवर काय ठरलं? मी थांबलो आहे.

(तीन आठवड्यांनंतर)

कूलरबंद | रविवार, रात्री १०:३०

उशीर झाला, माफ करा. त्या संध्याकाळी टपरीवर काहीच ठरलं नाही. दोघं चहा पिऊन तासभर क्रिकेटवर बोललो. ठरलं नंतर, थोडं थोडं करून.

मुंबईच्या कंपनीला नाही म्हणून कळवलं. त्यांनी आकडा वाढवला. प्लाय म्हणाला दुसऱ्यांदा बघू, मी म्हटलं बघायचं नाही. त्यावर दोन दिवस बोलणं बंद होतं.

आधी मावशींकडे गेलो. वहीत हिशेब नेला होता: आलेल्या पैशातून खर्च वजा, उरलेल्यातलं अर्धं सात जणींना समान, कडव्याचं लेखिका म्हणून मावशींचं वेगळं, आणि बाकी अर्ध्यात आम्ही दोघं समान. हो, समान. चहा पिण्याच्या कामाचं मोल मला काढता आलं नाही. मास्टर फर्मच्या नावावर, आणि फर्म मोडली तर प्रत्येक गाण्याची पूर्ण प्रत दोघांकडे, पण दोघांच्या सहीशिवाय कोणीच विकायचं नाही. एक गेला तर त्याच्या वारसाला पैसे मिळतील, सहीचा अधिकार दुसऱ्याकडे राहील. हे कलम काळाकोटबाईंनी घातलं, जुनाखांब, तुमची गोष्ट सांगून. नोंदणीचे कागद दिलेत. बँकेत वेगळं खातं उघडलं.

मावशींनी सगळं ऐकलं. पैशाचं ऐकताना विशेष काही बोलल्या नाहीत, बाकीच्या सहा जणींना तुम्हीच सांगा म्हणाल्या. मग चिडल्या त्या वेगळ्याच गोष्टीवर. 'भुलाबाई मे महिन्यात कोणी म्हणते का रे? मी तुमच्या मोहापायी म्हटली. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत म्हणायची असते. परत म्हणू, बरोबर दिवसात म्हणू, तेच लावा.'

मी म्हटलं मावशी, ते कडवं त्या हसण्यासकट आहे, परत तसं येणार नाही. त्या म्हणाल्या, 'नाही आलं तर दुसरं जोडीन.'

जुनं तसंच राहू दिलंय, नावं दुरुस्त केली, सातही. आणि कोजागिरीला नवं केलं, त्यांच्याच अंगणात, माझी खोली सोडून. कूलर बंद करायची गरजच नव्हती. मागे कुत्रं भुंकलंय, एक स्कूटर गेलीय, ते ठेवलंय. कडवी दोन नवी आलीत. एक प्लायवूडवर आहे, ते मी इथे लिहिणार नाही.

लेबलचं नाव अजून ठरलेलं नाही.

इतवारीचा_प्लाय | रात्री १०:४१

ते कडवं काढून टाका म्हून मी लेखी आक्षेप नोंदवून राह्यलो. फर्मचा अर्धा मालक म्हून.

तंबोराबाई | रात्री १०:५५

लेखिकेची परवानगी लागेल. काळाकोट, बरोबर ना?

काळाकोट | रात्री १०:५९

बरोबर.

जुनाखांब | सोमवार, सकाळी ६:१०

कूलरबंद, तुमच्याकडे स्पूल वाजवायचं मशीन मिळेल का? माझ्याकडच्या 'अ' बाजूचं एकदा बघू म्हणतो. मित्राच्या मुलालाही फोन लावतो आज.

कूलरबंद | सकाळी ६:१४

मशीन नाही, पण शोधतो. टेप तोवर उघडू नका, थंड जागी ठेवा. मी आणि प्लाय येऊन घेऊन जातो.

सावजी_रस्सा | सकाळी ९:३०

सगळं सांगितलं, पण कोजागिरीले भुलाबाईचा खाऊ काय होता ते कोणीच सांगितलं नाही. खाऊ ओळखाची रीतच आहे, ओळखतो मी: चिवडा?

इतवारीचा_प्लाय | सकाळी ९:३४

नाही.

पॉपकॉर्नवाली | सकाळी ९:३५

करंजी? संत्रा बर्फी?

इतवारीचा_प्लाय | सकाळी ९:३९

नाही अन् नाही. अजून एक चान्स.